जाते नाही, येते म्हणावं

विमान उडवायची मला कधीच भीती वाटली नाही. भीती वाटायची ती बोलायची. हे आमच्या गावात, सोनाळ्यात, कोणाला सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. शाळेत मला पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकावर आणि तिथून थेट वर्गाबाहेर बसवलं होतं, ते माझ्या तोंडापायीच. पण विमानाच्या रेडिओवर बोलणं म्हणजे मोजूनमापून तोंड उघडणं, आणि आमच्या घराण्यात ते आजवर कोणाला जमलेलं नाही.

छोट्या शिकाऊ विमानात दोघंच बसतात, डावीकडे शिकणारा आणि उजवीकडे शिकवणारा. कानावर हेडफोन, ओठांपुढे माइक, आणि हातातल्या सुकाणूवर एक बटण. बटण दाबलं की आपण बोलतो, सोडलं की ऐकतो. मोठ्या विमानतळाभोवती एका वेळी सात-आठ विमानं घिरट्या घालत असतात आणि सगळी एकाच टॉवरशी बोलतात, म्हणून एक बोलत असलं की बाकीच्यांनी गप्प बसायचं. टॉवर जे सांगेल ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे त्यांना कळतं की याला ऐकू आलं. वाक्यं ठरलेली आणि शब्दही ठरलेले, सगळे इंग्रजी. "बरं का", "म्हणजे कसं", "तसं पाहिलं तर" यांना तिथे जागा नाही. माझ्या बोलण्यातून हे तीन काढले तर फारसं काही उरत नाही.

आमच्या विमानाच्या नावाची शेवटची दोन अक्षरं होती बी आणि ई. रेडिओवर त्याला म्हणायचं 'ब्राव्हो एको'. मी हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "बी आन् ई म्हणजे 'बे'च झालं ना? मंग सरळ 'काय बे' म्हणा ना." तेव्हापासून आमच्या घरी त्या विमानाचं नाव 'बे' पडलं. "आज बे उडवलं का?" "बे कसं हाये?" घरी जणू एक नवीन गोऱ्हा आला होता.

माझे शिक्षक पुण्याचे. माणूस चांगला, पण माझं बोलणं ऐकताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू चहात मीठ पडलंय. पहिल्या महिन्यातच टॉवरने मला विचारलं, धावपट्टी दिसते का? 'हो' साठी तिथे 'अफर्म' म्हणायचं असतं. माझ्या तोंडून आमच्याकडचा 'हो' निघाला, "हाव." टॉवरला ते इंग्रजी 'हाऊ' ऐकू आलं. टॉवर म्हणालं, "हाऊ व्हॉट?" मी परत म्हणाले, "हाव, हाव." असं तीनदा झालं. शेवटी सरांनी माझा हात सुकाणूवरून उचलून माझ्याच मांडीवर ठेवला आणि स्वतः बोलले.

पण ते किरकोळ. खरं झालं ते नंतर.

आमची विमानाची शाळा होती एका लहानशा धावपट्टीवर, जिथे दिवसभरात आमच्याशिवाय फक्त टिटव्या उतरायच्या. तिथून एक-दीड तासावर मोठं विमानतळ. लायसन्ससाठी त्या विमानतळाच्या गर्दीत एकटीने जाऊन एकटीने परत यावं लागायचं. त्याआधी सर सोबत बसून पाहणार आणि त्यांना पटलं तरच एकटीला सोडणार. त्या दिवशी सर सोबत होते. मी उतरले, परत उडाले, सगळं झकास. सर तर एकदा "ठीक" म्हणाले. पुण्याच्या माणसाचं 'ठीक' म्हणजे आमच्याकडची गावजेवणाची पंगत.

मग टॉवरमधल्या बाईंचा आवाज आला. त्यांचा आवाज कायम सपाट, इस्त्री केल्यासारखा. त्यांनी सांगितलं ते मराठीत सांगायचं तर असं: ब्राव्हो एको, पूर्वेकडून आमच्या हद्दीबाहेर निघा, रेडिओच्या पुढच्या नंबरावर बोला, गुड डे. म्हणजे आमचं-तुमचं झालं, आता जा. यावर मी म्हणायचं होतं, "लिव्हिंग." निघाले.

आता मी काय करू? जन्मापासून माझ्या आईने आमच्या घरात 'जातो' हा शब्द कोणाला उच्चारू दिलेला नाही. बाजारात जा, शेतात जा, हापशीवर जा, उंबऱ्यातून पाय काढताना म्हणायचं 'येतो', 'येते'. लहानपणी मी एकदा "शाळेत जाते" म्हणाले तर दप्तरासकट परत घरात बसवलं होतं. त्यामुळे कोणी मला प्रेमाने "जा" म्हटलं की माझ्या जिभेवर आपोआप एकच शब्द येतो. मी तो इमानदारीने इंग्रजीत केला, एवढीच माझी चूक.

मी बटण दाबून म्हणाले, "ब्राव्हो एको, कमिंग, मॅडम."

सर नेमके त्या वेळी पायाखाली पडलेला नकाशा उचलायला वाकले होते आणि त्यांचा हेडफोन कानावरून घसरला होता. बाईंनी विचारलं, "कन्फर्म कमिंग?" केवढी आपुलकी, मला वाटलं. मी म्हणाले, "अफर्म, कमिंग. थँक यू, मॅडम."

म्हणजे मी टॉवरला दोनदा सांगितलं की मी परत वळून धावपट्टीवर येतेय. धावपट्टीवर तेव्हा उतरत होतं एक मोठं प्रवासी विमान. त्याची चाकं बाहेर आली होती आणि आतल्या माणसांनी पट्टे बांधून खुर्च्या सरळ केल्या असतील. बाईंनी त्याला एका दमात सांगितलं, उतरू नका, वर जा. सर नकाशा घेऊन वर आले तेव्हा ते धूड आमच्या उजव्या अंगाला, बरंच लांब, नाक वर करून परत आभाळात चढत होतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या विमानाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, बिचारं, काहीतरी विसरलं वाटतं.

"ब्राव्हो एको," बाईंनी इंग्रजीतच विचारलं, आणि इस्त्रीला पहिल्यांदा सुरकुती पडली, "तुम्ही येताय की जाताय?"

मी घाबरले. घाबरले की मी खरं बोलते. मी म्हणाले, "मॅडम, गोइंग, बट कमिंग."

मग कुठल्यातरी विमानातलं कोणीतरी बटण दाबून नुसतं हसलं आणि बटण सोडलं.

खाली उतरल्यावर मी सरांना सगळं समजावून सांगितलं. आई, उंबरा, दप्तर, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "जाताना 'येते' आमच्याकडेही म्हणतात. पण मराठीत म्हणतात!" त्यांनी वहीत लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. पंधरा दिवसांनी त्याच विमानतळावर पुन्हा परीक्षा. पुस्तकाबाहेरचा एक शब्द जरी ऐकू आला तर एकटीचं उड्डाण नाही आणि या तुकडीतून नाव कमी. "एक शब्द," ते परत म्हणाले, आणि एक बोट वर केलं. मला रडू आलं. मी तिथेच रडले, टिटव्यांसमोर.

मग मी दहा दिवस घरी आले.

आमचं घर सोनाळ्यात, स्लॅबचं. स्लॅबवरून उत्तरेला सातपुडा दिसतो आणि खाली हापशीपासून पिठाच्या गिरणीपर्यंतची गल्ली. बाबांनी माझी हकिगत ऐकली आणि ते आधी इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग गंभीर झाले. बाबांची संत्र्याची झाडं आहेत. ओलीत करताना एक माणूस विहिरीवर मोटारीपाशी आणि दुसरा पार बांधापाशी, दोघं ओरडून बोलतात. "सोड!" "सोडलं!" "बंद कर!" "केली बंद!" बाबा म्हणाले, "हे तं आपलंच काम हाये. आपण काय तिथं 'बरं का' म्हणतो? म्हटलं तं वाफा फुटते."

मग त्यांनी स्लॅबचा टॉवर केला. मी घरची जुनी मोपेड घेऊन 'बे' झाले. गल्ली ही धावपट्टी. दिवसभर तिथे शुकशुकाट असायचा, पण चारच्या सुमारास म्हशी परत यायच्या, ट्रॉलीवाले ट्रॅक्टर यायचे, गिरणीवर दळण घेऊन बाया यायच्या. बाबा म्हणाले, बिझी विमानतळ पाहिजे तर चारचं.

"ब्राव्हो एको," बाबा स्लॅबवरून ओरडायचे, "धावपट्टीवर म्हशी हायेत. हापशीपाशी थांब!"

"म्हशी दिसल्या, हापशीपाशी थांबते, ब्राव्हो एको!"

"ट्रॅक्टरच्या मांगून ये. दोन नंबर तू!"

"ट्रॅक्टरच्या मागून येते, दोन नंबर, ब्राव्हो एको!"

आणि गिरणीपाशी पोचले की बाबा सांगायचे, "आता हद्दीच्या बाहेर निंघ. जयभीम." बाबांच्या टॉवरला 'गुड डे' मान्य नव्हतं. मी म्हणायचे, "लिव्हिंग, जयभीम," आणि गिरणीला वळसा घालायचे. तिसऱ्या दिवशी दळणाला आलेली एक बाई हापशीपाशी डबा घेऊन उभी राहिली आणि स्लॅबकडे पाहून म्हणाली, "मी जाऊ का बापा आता, का म्हशी येऊन राह्यल्या?" पाचव्या दिवशी ट्रॅक्टरवाला परवानगीशिवाय गल्लीत शिरेना. तो हापशीपाशी थांबून हॉर्न वाजवायचा आणि बाबा त्याला म्हणायचे, "ये बे."

आई हे सगळं अंगणवाडीतून आल्यावर ओट्यावर बसून पाहायची. ती तिथे मदतनीस आहे. तिला या कामाबद्दल तक्रार नव्हती, तक्रार एकाच शब्दाची होती.

"हे लिव्हिंग लिव्हिंग काय लावून राह्यली?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "जाते. निघाले."

"घरातून निंघताना असं म्हणते? तुह्या जिभेले काही हाड हाये का नाई?"

"आई, ते रेडिओवर म्हणावंच लागतं. नाहीतर नाव कमी होतं."

"काऊन? त्या बाईले समजत नाई? तिच्या मायनं तिले शिकोलं नाई?"

बाबा वरून म्हणाले, "अंधश्रद्धा हाये हे सगळी! 'जातो' म्हटल्यानं काय होते?"

आईने नुसतं अंगणातल्या म्हशीच्या पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. आमच्या घरात तो पुरावा आहे. मी लहान असताना बाबा एकदा घाईत "जातो" म्हणून निघाले आणि दारातच पाय घसरून धोतरासकट त्या टाकीत बसले. म्हैस पाणी पीत होती. तिने पिणं थांबवलं नाही. बाबांचं म्हणणं असं की तिथे शेवाळ होतं. आईचं म्हणणं असं की शेवाळ आधीही होतं. बाबा जिना उतरून खाली आले, चप्पल घातली आणि गिरणीकडे निघताना म्हणाले, "बरं, येतो मी."

निघायचा दिवस आला. सकाळची एसटी होती. दहा दिवसांत माझी जीभ अशी सरळ झाली होती की जेवायला बसल्यावर आई "वरण घे" म्हणाली तरी मी "वरण घेते, एक पळी" असं उत्तर द्यायचे. पिशवी खांद्याला लावली, आईच्या पाया पडले. आई म्हणाली, "बरं, निंघ."

मी म्हणाले, "लिव्हिंग."

आईला इंग्रजी येत नाही, पण तो शब्द तिला आता पाठ झाला होता. तिचा चेहरा उतरला. आत्तापर्यंत मी हे सगळं हसण्यावारी नेत होते. ती रागावली नव्हती, ती घाबरली होती. मी रोज आभाळात जाते आणि ती रोज खाली अंगणवाडीत खिचडी ढवळते, आणि मला परत आणायला तिच्याकडे त्या एका शब्दापलीकडे काही नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"घरात ये," ती म्हणाली. "बस. पाणी पी. मंग निंघ."

मी बसले. पाणी प्यायले. एसटी गेली.

"रेडिओवर काय म्हणाचं थे म्हण," आई म्हणाली. "पण त्याच्या मांगून 'येते' म्हण."

"मनात म्हणते."

"मनात नाई. तोंडानं म्हण. हळू म्हण, पण म्हण."

मी कबूल केलं. मग "येते" म्हणाले, आई "हाव, ये" म्हणाली आणि बाबांनी मला मोटरसायकलवर घालून संग्रामपूरपर्यंत असं पळवलं की तिथे एसटी गाठली तेव्हा माझ्या केसांत अर्ध्या तालुक्याची धूळ होती.

परीक्षेच्या दिवशी सर उजवीकडे बसले आणि वही मांडीवर उघडली. आम्ही मलकापूरवरून गेलो. खाली रेल्वेचे रूळ, जिनिंगच्या आवारात कापसाचे पांढरे ढीग, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी कड. त्या कडेखाली कुठेतरी आमचा टॉवर होता आणि टॉवरवर आता ज्वारी वाळत असणार.

मोठ्या विमानतळावर त्याच बाई होत्या. मी आवाज ओळखला. मला वाटतं त्यांनीही 'ब्राव्हो एको' ओळखलं, कारण मी पहिल्यांदा बोलले तेव्हा उत्तर यायला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ लागला. पण मी अशी बोलले की पुस्तकाने कान टवकारावेत. थांबा म्हणाल्या, थांबते म्हणाले. दोन नंबर म्हणाल्या, दोन नंबर म्हणाले. पुढे मोठं विमान होतं, मी मनात त्याला ट्रॅक्टर म्हटलं आणि त्याच्या मागून गेले. सर काही लिहीत नव्हते, म्हणजे चांगलं चाललं होतं.

मग तेच वाक्य आलं. ब्राव्हो एको, पूर्वेकडून हद्दीबाहेर निघा, पुढच्या नंबरावर बोला, गुड डे.

मी बटण दाबलं. "ब्राव्हो एको, लिव्हिंग," आणि पुढचं सगळं, नंबरासकट, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता, "गुड डे." झालं. सरांचं पेन वहीकडे गेलं. मग आईला कबूल केलं होतं म्हणून, हळूच, ओठांतल्या ओठांत मी म्हणाले, "येते."

आणि मग मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा बटणावर होता. बटण दाबलेलं होतं.

मी अंगठा असा उचलला जणू बटण तापलं होतं, पण शब्द गेला होता. त्या आभाळातल्या सगळ्या विमानांनी, टॉवरने आणि माझ्या शेजारी पेन हातात धरून बसलेल्या पुण्याच्या माणसाने तो ऐकला होता. सर हळूहळू माझ्याकडे वळले. त्यांचं एक बोट वर होतं. मला वाटलं, संपलं. आता घरी जाऊन हापशीपाशी थांबायचं, जन्मभर.

तेवढ्यात कानात आवाज आला. तोच सपाट, इस्त्रीचा आवाज, ज्या आवाजात त्या विमानांना उंची आणि दिशा सांगायच्या.

"या."

एवढंच. मग लगेच त्या दुसऱ्या कुठल्यातरी विमानाशी इंग्रजीत बोलू लागल्या.

मी नंबर बदलला. सरांनी बोट खाली घेतलं आणि बराच वेळ ते आपल्या खिडकीतून बाहेर पाहत राहिले. परत आमच्या धावपट्टीवर उतरलो, इंजिन बंद केलं, तेव्हा ते म्हणाले, "पुस्तकाबाहेरचा एक शब्द ऐकला मी."

"हो, सर."

"त्यानंतर टॉवरचाही एक ऐकला." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "आता कोणाकोणाला नापास करू?" आणि त्यांनी माझ्या एकटीच्या उड्डाणावर सही केली.

मी हेडफोन काढायच्या आधीच आईला फोन लावला. तिने उचलला. मागे अंगणवाडीची पोरं ओरडत होती. पास झाले की नाही हे तिने विचारलंच नाही.

"म्हणाली का?"

"म्हणाले, आई. पण बटण दाबलेलं राहिलं. सगळ्यांना ऐकू गेलं."

"मंग? थे बाई काय म्हणाली?"

"'या' म्हणाली."

आईचा सुस्कारा मला ऐकू आला.

"चांगल्या घरची दिसते," ती म्हणाली.